डावीकडे तेल, उजवीकडे काही नाही

या घरात तुझं स्वतःचं असं काय आहे, असं कुणी विचारलं असतं, तर आशालताला जरा विचार करावा लागला असता. जमीन सासऱ्यांची होती, ती माण गावच्या बाकी जमिनींसारखीच कंपन्यांखाली गेली. त्या पैशातून उठलेली चार मजली इमारत नवऱ्याच्या, विलासच्या नावावर. भाडेकरूंच्या खोल्यांच्या किल्ल्या सासूच्या, साळूबाईंच्या कमरेला. राहता राहिलं तेल. गच्चीवर लोखंडी कढईत खोबरेल, जास्वंद, माका, कडीपत्ता आणि आवळा घालून ती ते मंद आचेवर कढवायची. कंपनीत जाणाऱ्या मुली गल्लीच्या तोंडाशी विचारायच्या, "तेलवाल्या काकू कुठे राहतात?" आणि वर आल्या की दुसरा प्रश्न ठरलेला, "यानं केस येतात ना, काकू?"

त्यावर आशालता नुसती आपली वेणी पुढे ओढायची. मनगटाएवढी जाड, कमरेखाली रुळणारी. पुढे बोलायची गरज पडायची नाही.

तर अशा बाईच्या डोक्याला चाई पडली.

सापडली साळूबाईंना. आशालता न्हाऊन गच्चीवर केस वाळवत होती. तिच्या मागे लसूण सोलत बसलेल्या साळूबाईंचा हात एकदम थांबला.

"आगं आशे, हितं काय झालंय?"

"कुटं, आत्याबाई?"

"कानामागं. निस्तं तळहातावानी गुळगुळीत. आन् ह्या बाजूला बी हाय की. दोन हायेत."

आशालतानं बोट नेलं. केसांतून जाता जाता बोट एकदम मोकळ्या जागेत आलं. सत्तेचाळीस वर्षं खांद्यावर वागवलेलं डोकं, आणि तिथली ही जागा तिला ठाऊकच नव्हती.

"कुणाला सांगू नका."

"मी कशाला सांगू? तेलवालीच्याच डोक्याला चाई म्हनल्यावर लोक आपनहून सांगत सुटतील."

साळूबाईंचा उपाय जुना होता. खरखरीत फडक्यानं लाल होईस्तवर घासायचं, वर लसूण चोळायचा. लसूण हाताशी होताच. चार-आठ दिवसांत कातडी अशी सोलवटली, की उशीला डोकं टेकवेना. मग डोक्यावर पदर घेऊन आशालता पिरंगुटला त्वचेच्या डॉक्टरकडे गेली.

"आधी घासणं बंद करा," डॉक्टर म्हणाला. "मुळं शाबूत आहेत. झोपलीत असं समजा. हवं तर इंजेक्शन देतो."

सुईचं नाव काढताच आशालतानं मान हलवली.

"मग थांबून बघू. लहान चट्टे आहेत, बरेचदा आपोआप भरून येतात. काही महिने लागतील. केस ओढून बांधू नका. चट्टे वाढायला लागले तर मात्र लगेच या."

"आन् तेल?"

"लावायचं तर लावा." चहात वेलची घालायची तर घाला म्हणावं, तसं तो म्हणाला.

परतीच्या जीपमध्ये एकच शब्द तिच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. आपोआप. केस आपोआप येत असतील, तर मग इतकी वर्षं आपलं तेल काय करत होतं?

दुसरी एखादी असती तर हा प्रश्न तिनं जीपमध्येच सोडला असता. आशालताला ते जमणारं नव्हतं. कोळवणला माहेरी असताना कोंबडी अंड्यांवर बसली, की ही रोज एक अंडं उचलून कानाला लावायची. "बसू दे की तिला," म्हणून आई ओरडायची, आणि ही दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

अडचण एवढीच, की आपल्या डोक्याची मागची बाजू आपल्याला दिसत नाही. दुसऱ्याचे डोळे लागतात. साळूबाईंचे डोळे तल्लख होते, पण त्यांना तोंडही होतं. म्हणून आशालतानं तिसऱ्या मजल्यावरच्या निखतला गाठलं. निखत पौडची. टायफॉईड होऊन गेल्यापासून तिचे केस पुंजक्यानं गळत होते आणि ती या तेलाची भक्त झाली होती.

"निखत, कंपनीत तुजं काम काय गं नेमकं?"

"चुका शोधायच्या, काकू. दुसऱ्यांच्या."

"मग माजी एक शोध."

निखतनं दोन्ही चट्टे पाहिले. हळहळ व्यक्त करणं तिला सुचलंच नाही. तिचे डोळे चमकले. "दोन आहेत ना? मग एकाला तेल लावा, एकाला नका लावू. बाकी सगळं सारखं."

ठरलं. डावीकडे तेल, उजवीकडे काही नाही.

मग सुरू झालं थांबणं. निखतला सुट्टी असली की दोघी गच्चीवर. निखत मोबाइलवर फोटो काढायची.

"दिसतंय काही?"

"नाही."

साळूबाई जिन्यातून मान वर काढायच्या. "उवा काढताय काय गं दोगी?"

"व्हय, आत्याबाई. लई झाल्यात."

"मग माज्याजवळ बसू नगा."

फोटोच्या बदल्यात आशालतानं निखतचं डोकं हातात घेतलं. निखत स्वतः तेल कसं लावते ते एकदा पाहिलं आणि आशालताला राहवलं नाही. "डोकं चोळतीस का कढई घासतीस?" तिनं निखतचं करकचून बांधलेलं रबर काढलं. नखं न लागू देता, बोटांच्या पेरांनी, कातडी हलेल एवढंच चोळलं. लसणानं सोलवटलेल्या डोक्यानं तिला एवढं तरी शिकवलं होतं. निखत बसल्या बसल्या झोपली.

दिवस गेले. कोळवणहून भावाचा फोन आला, भात कापणीला आलंय म्हणून. आणि एका दुपारी निखत म्हणाली, "काकू, आलंय."

"कुठल्या बाजूला?"

निखतनं मोबाइलवरचा फोटो मोठा केला. "दोन्ही."

"दाव बरं."

कोवळ्या कोहळ्यावर असते तशी बारीक पांढरी लव, दोन्हीकडे. आशालता बघतच राहिली. मग ताडून बघायला बोटानं मागचा फोटो सरकवला. त्यात उजवीकडे लव होती. डावीकडे गुळगुळीत.

"हा मागच्या खेपेचा ना? तवा तर तू न्हाई म्हनलीस."

निखतनं मान खाली घातली. "उजवीकडे आधी आलं, काकू. म्हटलं डावीकडे येऊ दे, मग सांगते. तेलाला वाईट वाटेल."

"तेलाला?"

"तुम्हाला."

आशालता कठड्याला टेकून बसली. वाईट वाटत होतं, ते खरंच. पण त्याच्या आडून दुसरं काहीतरी डोकं काढत होतं.

"डावं किती मागं ऱ्हायलं?"

"थोडंसंच. आता सारखंच आहे. आणि दोन चट्ट्यांवरून काय कळणार, काकू? शंभर डोकी पाहिजेत."

"शंभर चाईच्या बाया कुठनं आणू मी?"

दोघींना हसू आलं. हसता हसता आशालताचं लक्ष निखतच्या कपाळाकडे गेलं. तिथं बारीक बारीक केस उभे राहिले होते.

"आन् हे? हे तेलानं, का टायफॉईड सरला म्हनून?"

"का मी घासायचं थांबवलं म्हणून?"

आशालतानं बोटानं ते केस मागे सारले, ते पुन्हा उभे राहिले.

त्यानंतर कढई चढवताना आशालताचा हात जड झाला. आता मुली विचारतील तेव्हा काय सांगायचं? वेणी पुढे ओढायची आणि गप्प बसायचं, हे उद्याही चालणार होतं. कुणाला काही कळलं नसतं. तिनं कढई चढवली, तेल गाळलं, बाटल्या भरल्या.

पहिली आली समोरच्या इमारतीतली रेश्मा. केस मागे असे ओढलेले, की भुवया वर गेलेल्या.

"काकू, यानं केस येतात ना?"

आशालताचा हात सवयीनं वेणीकडे गेला आणि तिथंच थांबला. कोपऱ्यात साळूबाई जास्वंदीचे देठ खुडत होत्या, त्यांनीही हात थांबवला.

"येणार असले तर याच्याबिगर बी येतात," आशालता म्हणाली. "मी बघितलंय."

रेश्मा गोंधळली. "मग तेल कशाला घ्यायचं?"

"इचार तिला," साळूबाई म्हणाल्या. "मला बी ऐकायचंय."

"बोटं सरकायला. कोरडं चोळलं की केस तुटतो. हलक्या हातानं लावायचं, असं ओढून बांधायचं न्हाई, आन् थांबायचं. काही महिने थांबायचं."

"किती महिने?"

"ते मला ठावं न्हाई."

मग तिनं रेश्माकडे पाठ केली, वेणी पुढे घेतली आणि कानांमागचे केस दोन्ही हातांनी वर उचलून धरले. साळूबाईंच्या तोंडून "आगं" एवढंच निघालं.

"बघ. डावीकडे तेल लावलं, उजवीकडे काही न्हाई."

रेश्मा वाकली. या कानापासून त्या कानापर्यंत तिनं दोनदा पाहिलं. "दोन्हीकडे सारखेच दिसतात, काकू. पण पांढरे का?"

"पहिले असेच येतात म्हनं. मग काळे व्हतात. व्हतात का, ते मला बी बघायचंय."

रेश्मा बाटली विसरली. ती आणखी जवळ आली.

"हात लावू?"

"लाव. पण हळू."