सिमेंट मुरेपर्यंत

फिशटँकची काच फुटली ती तिच्याच हातून. नवऱ्याची चाकाची खुर्ची वळवताना दांडा टँकला लागला आणि बघता बघता खोलीभर पाणी झालं. पाच मासे फरशीवर तडफडत होते. तिनं ते ओंजळीनं उचलून कपड्यांच्या टबात टाकले आणि टब मागच्या पडवीत नेला.

नवरा ड्रॉइंगचे मास्तर. अर्धांगवायूनं वाचा गेली, उजवा हात गेला. आठ महिने ते नुसते मासे बघत होते. टँक गेला आणि त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. चमचा नेला की मान फिरवायचे.

"मी हौद करते. तुमच्या खिडकीखालीच. अहो, ऐकताय ना?"

शिवणयंत्र सोडून तिनं आयुष्यात काही चालवलं नव्हतं. शेजारच्या गवंड्याला विचारून तिनं वाफ्यात खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं. एक घमेलं सिमेंट, दीड कोकोपीट, दीड परलाइट, म्हणजे कुंड्यांत घालतात ते पांढरे हलके दाणे. मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे, पाणी ठिबकता कामा नये. चार बोटं जाडीचा थर तिनं हातानं थापला. हातमोजे फाटले, बोटांची सालं निघाली.

"मासे कधी सोडू?" तिनं विचारलं.

"महिना तरी थांबा," गवंडी म्हणाला.

"महिना? टबात जगतील का ते?"

"वहिनी, सिमेंटला आपली घाई कळत नाही. आत्ताच पाणी भरलंत तर चुना उतरेल. भाजून निघतील."

चौथ्या दिवशी एक मासा गेला, नवव्या दिवशी दुसरा. दोन्ही तिनं वाफ्याच्या कोपऱ्यात पुरले आणि आत येऊन म्हणाली, "पाचही मजेत आहेत."

मास्तरांनी डाव्या हाताची तीन बोटं वर केली. खिडकीतून त्यांना सगळं दिसत होतं.

तिचा बांध फुटला. "हो, तीनच उरलेत. आणि काचही मीच फोडली!"

त्यांनी तिच्या हातातला दुधाचा पेला ओढून घेतला. अर्धं अंगावर सांडलं, अर्धं प्यायले.

सतराव्या दिवशी आणखी एक गेला आणि उरलेले दोन तिरके होऊन धापा टाकू लागले. तिनं रागारागानं हौद भरला, मासे बादलीत घेतले आणि बादली काठाशी आणली. "मरायचंच आहे ना? मग तुमच्या डोळ्यांसमोर मरू देत!"

मास्तर खिडकीच्या गजावर चमचा आपटू लागले. ठणाठणा, थांबेचनात. मान जोरजोरात हलत होती. नाही, नाही.

तिनं बादली खाली ठेवली.

मग एकच काम. हौद उपसायचा, व्हिनेगरनं घासायचा, पुन्हा भरायचा, पाण्यात उतरलेला चुना दाखवणारी चाचणीची पट्टी बुडवायची. पट्टी गडद निळी व्हायची की पुन्हा उपसा. अकरा वेळा. दरम्यान चौथा मासाही गेला.

बत्तिसाव्या दिवशी पट्टी हिरवट राहिली. तिनं शेवटचा मासा सोडला. तो सरळ तळाशी जाऊन आडवा पडला. ती पाण्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं त्याचे कल्ले हलले. मग शेपटी. मग तो काठाच्या सावलीत शिरला.

चार गेले, एक जगला. मास्तरांची वाचा काही आली नाही. ती मात्र ओल्या मातीत फतकल मारून ओक्साबोक्शी रडली. मास्तरांनी गजांतून डावा हात बाहेर काढला, पण तो तिच्यापर्यंत पोहोचेना. तेव्हा तीच उठली आणि गजांना डोकं टेकून उभी राहिली.