नळ्यांत उरलेले रक्त

सकाळचे ऊन अतिदक्षता विभागात एकदम येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या काचांवर रेंगाळे, मग खिडकीच्या चौकटीवरचे रंगाचे पोपडे दाखवी, आणि नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने, पलंगांच्या चाकांपर्यंत पोहोचे. पाण्याच्या भांड्याला ते शिवले, की छतावर एक फिकट कवडसा थरथरू लागे. त्या कवडशाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. कारण ऊन आता आईच्या चेहऱ्यावर चढले होते आणि तिकडे पाहण्याचा त्याला धीर होत नव्हता.

चेहरा पांढराफटक होता. आदल्या दिवशी तिच्या हृदयाची झडप बदलली होती.

एरवी रस्ता विचारतानाही त्याची जीभ रेटत नसे. पण आईसाठी त्याने मित्रांची मनधरणी करून त्यांना रक्त द्यायला आणून बसवले होते. ते खाली ताटकळत होते आणि त्यांना कुणी बोलावतच नव्हते. मुळात शस्त्रक्रियाच लांबणीवर पडली होती. आईचे रक्त कमी आहे, ते आधी लोहाची औषधे देऊन वाढवू, असे भूल देणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. तपासणीलासुद्धा रक्त घेत ते तान्ह्या मुलांसाठीच्या इवल्याशा नळ्यांत. एवढी काटकसर आपल्याच आईच्या वाट्याला का, ही अढी त्याच्या मनात तेव्हापासून होती. आज काहीतरी कमी पडेल आणि ती हातची जाईल, या भयाने रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता.

डॉक्टरबाई आल्या तसा तो उठला.

"डॉक्टर, माणसं तयार आहेत. एक बाटली तरी चढवा. बघा ना कशी दिसतेय."

"नुसत्या दिसण्यावरून चढवायचं तर आधी तुलाच चढवावी लागेल."

त्यांनी आईची पापणी ओढून पाहिली, नख दाबून पाहिले, पडद्यावरचे आकडे वाचले. "रक्त जरा कमी आहे, पण त्यांचं शरीर भागवून नेतंय. गरज लागली तर देताना हात आखडणार नाही. उगाच दिलं तर त्याचाही त्रास होतो."

"पण काल सांडलं असेल ना?"

"सांडू दिलं तर ना! छातीत साचलेलं यंत्रानं ओढून, धुऊन परत त्यांनाच दिलं. शेवटी हृदयाचं काम करणाऱ्या यंत्राच्या नळ्यांत उरलेलंसुद्धा मागून सलाइन सोडून आत ढकललं."

"म्हणजे पातेलं विसळून घेतलंत," मिटल्या डोळ्यांनीच आई म्हणाली. आवाज घोगरा होता.

"अगदी तसंच. आमच्या यंत्रावरच्या माणसाची हीच खोड. थेंब राहिला की त्याला चैन पडत नाही."

"माझ्याच माहेरचा दिसतोय." मग तिने डोळे किलकिले केले. "आणि काय रे, ती पोरं खाली उपाशी बसलीत?"

"उपाशी कसली? रक्त वाढायला हवं म्हणून कालपासून नुसती चरतायत."

आईने छातीला आधार म्हणून दिलेली उशी घट्ट धरली. "हसवू नको मेल्या, टाके आहेत."

"त्यांना रक्तपेढीत पाठव," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कुणाच्या तरी कामी येईल."

आभार मानायला त्याने हात जोडले. "राहू दे," म्हणत त्या पुढच्या पलंगाकडे वळल्या.

मित्र रक्त देऊन घरी गेले. पुढे आईला साध्या खोलीत हलवले, आणि एका सकाळी परिचारिकेचा आधार सोडून ती खिडकीपर्यंत चालत गेली. ओठांवर रंग परतला होता. बाहेरच्या रक्ताची एकही बाटली लागली नव्हती. त्याला भरून आले. ज्यांनी तिचे रक्त वाढेपर्यंत वाट पाहिली, जपून थोडेच रक्त काढले, नळ्या विसळल्या, त्या साऱ्यांचे ऋण त्याला जाणवले. त्यांतल्या कित्येकांचे तर त्याने तोंडही पाहिले नव्हते. आणि इतके दिवस जे कबूल करायला त्याचे मन धजत नव्हते, तेही आता त्याने मानले: आई बरी झाली होती, आणि त्यात त्याचा काहीच हात नव्हता.