खरवडलेले नाव

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे. मला आजही शिसारी येते ती क्लोव्हिस हेड्लीच्या अंगठ्याची. तळलेल्या माशाच्या तेलाने माखलेला तो अंगठा! त्याच्याच नखाने माझ्यावरचे नाव खरवडले गेले.

माझा जन्म किंग्स्टनमधल्या एका कोंदट स्टुडिओतला. गाणारा होता लेबर्ट टलक, बेकरीत पाव भाजणारा. गिटारवाला भरधाव सुटला तेव्हा लेबर्ट म्हणाला, "अरे, गाडी चुकतेय का तुझी? थांबून थांबून वाजव." त्या चालीला 'रेगे' हे नावही तेव्हा पडले नव्हते. माझ्या मधोमध चिकटवलेल्या कागदावर लेबर्टचे नाव छापले होते. ते वाचून त्याची बहीण इसिल्डा हरखून गेली होती.

मग मी क्लोव्हिसच्या हाती पडले. मोठाले कर्णे लावून तो नाच भरवायचा. त्या धंद्यात एक घाणेरडी रीत होती. गायक कोण हे कळून दुसऱ्या कर्णेवाल्याने तीच तबकडी आणू नये, म्हणून नाव खरवडून टाकायचे.

गाणे तुफान चालले. लोक पत्र्याचे कुंपण बडवून तेच गाणे पुन्हा लावायला लावत. एकदा लेबर्ट नाचाच्या फाटकाशी येऊन म्हणाला, "अहो, हे माझं गाणं आहे."

"हो का?" फाटकवाला हसला. "मग मी इंग्लंडच्या राणीचा जावई! चल, तिकीट काढ."

बिचाऱ्याने तिकीट काढून स्वतःचेच गाणे ऐकले. पुढे ती चाल जगभर गेली, 'रेगेचा जनक' म्हणून क्लोव्हिसचे फोटो छापून आले आणि लेबर्ट पिठाच्या धुळीने खोकत खोकत गेला. मी मात्र क्लोव्हिसच्या अडगळीत, झुरळांच्या लेंड्यांत पडून होते.

मग कित्येक वर्षांनी एका बागेत क्लोव्हिसचा सत्कार झाला. त्याने सगळ्यांसमोर माझा मुका घेतला. शी! गाणे वाजले, लोक डोलले. तेवढ्यात म्हातारी इसिल्डा उठून उभी राहिली.

"क्लोव्हिस, गातंय कोण ते सांग."

"अहो बाई, बसा की! कार्यक्रम चाललाय."

"नाव सांग, लगेच बसते."

"सांगा हो, सांगा!" लोकही ओरडू लागले.

क्लोव्हिसने चष्मा लावला आणि मला उचलून उलटसुलट करून पाहिले. "खरं सांगू?" तो पुटपुटला, "आठवत नाही."

तो खोटे बोलत नव्हता. मला सर्वांत जास्त किळस आली ती याचीच. चोराला निदान घर कोणाचे फोडले हे तरी ठाऊक असते!

इसिल्डा काठी टेकत मंचावर चढली. "लेबर्ट टलक," ती म्हणाली. "माझा धाकटा भाऊ. पावही छान भाजायचा." एवढे बोलून तिने गळ्यात सत्काराचे पदक घातलेल्या त्या माणसाकडे पाठ फिरवली आणि तिला रडू कोसळले.

मित्रांनो, गाणे आवडले तर खुशाल नाचा. पण ते कोणी गायले, हे विचारत जा. आणि तो जिवंत असताना विचारा.