एका मिनिटासाठी अडवलेला दरवाजा

मी शिवणखान्याचा मागचा दरवाजा बोलतोय. गोड बोलेन अशी अपेक्षा ठेवू नका. अकरा वर्षं माझं तोंड गठ्ठ्यांनी बुजवलेलं होतं.

मला एका वेल्डरने घडवलं. लोखंडी चौकट, जाड पत्रा, तीन बिजागऱ्या आणि हातभर लांबीची कडी. दुसऱ्या मजल्यावर बसवल्यावर त्याने मला सात वेळा उघडलं, सात वेळा मिटलं. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर उभा राहून तो म्हणाला, "उघडतो तोवर दरवाजा. नाहीतर भिंतच, फक्त महागातली." मग रंगाऱ्याने माझ्या छातीवर लाल रंगात वरच्या ओळीत लिहिलं, 'आग लागल्यास'. खालच्या ओळीत, 'बाहेर जाण्याचा मार्ग'. त्याखाली ठसठशीत बाण. काय ताठ उभा होतो मी तेव्हा!

कापडाचा पहिला गठ्ठा कटिंग मास्तरांनी ठेवला. "एक मिनिट ठेवतो हां," असं कुणाला उद्देशून म्हणाले देव जाणे. तो गठ्ठा संध्याकाळी तिथेच होता. दुसऱ्या दिवशी त्याला सोबत म्हणून दुसरा आला. मग कातरणीची पोती, बटणांची खोकी, मोडकी खुर्ची. कुणीच मला एका दिवसात बंद केलं नाही. तेवढी हिंमत कुणात होती? प्रत्येकाने थोडं थोडं बंद केलं, म्हणून प्रत्येकाचे हात स्वच्छ. आधी बाण झाकला गेला, मग खालची ओळ. शेवटी एवढंच दिसत राहिलं: 'आग लागल्यास'. पुढे काय करायचं ते कापडामागे!

माझी कडी गंजली. माझ्यासमोरच्या पहिल्या मशीनवर बसणारी मावशी कॉलर शिवत राहिली. तिचा गुडघा धरलेला, पुढचा जिना ती एकेक पायरी बसत उतरायची. ती माझ्याकडे रोज बघायची आणि रोज कानाडोळा करायची.

मग तिची भाची आली. सकाळी कॉलेज, दुपारी काम. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मास्तर, आग लागली तर जायचं कुठून?"

"तोंडातून चांगलं काढावं माणसाने," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं कातर चालवतोय. लागली का कधी?"

"लागल्यावर विचारणार नाही मी."

अख्खी खोली हसली. मावशी मात्र हसली नाही. ती दबक्या आवाजात म्हणाली, "अगं बये, तुला इथे मी चिकटवलंय. माझं नाक कापू नकोस."

मला मोकळं करावं म्हणून पोरीने अर्ज लिहिला. एकतीस बायकांत एकीनेही सही केली नाही. कुणाचा चष्मा घरी राहिला, कुणाला नवऱ्याला विचारायचं होतं. लहान मुलांना 'थेंबे थेंबे तळे साचे' घोकायला लावणारी हीच माणसं! स्वतः थेंब सांडायची वेळ आली की सगळी कोरडी ठणठणीत.

त्या संध्याकाळी पोरीने अर्ज फाडला, माझ्यासमोरचा एक गठ्ठा उचलला आणि खाली गोदामात नेऊन ठेवला. परत येऊन तिने मशीन पुसलं, तेल घातलं आणि कुपीतला शेवटचा थेंब गठ्ठ्यांच्या फटीतून हात घालून माझ्या कडीवर सोडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला हात लावला होता.

मग रोज तेच. एक गठ्ठा, एक थेंब.

"रोज तीन येतात, तू एक नेतेस," मावशी म्हणाली. "कॉलेजात गणित शिकवत नाहीत वाटतं?"

"शिकवतात ना. म्हणून तर म्हणते, तू एक ने, बटणांची काजं करते ती काजवाली एक नेईल. झाले तीन."

"माझा गुडघा बघितलास का?"

"बघितला. म्हणूनच नेतेय."

मावशीची सुई थांबली. त्या दिवशी तिने गठ्ठा नेला नाही, पण काजवालीला हाक मारून म्हणाली, "ए, खाली चाललीच आहेस तर रिकाम्या हाताने कशाला जातेस?"

मग जाणारी प्रत्येक बाई काहीतरी नेऊ लागली. कुणी कुरकुरत, कुणी पोरीच्या कटकटीतून सुटायला. मला त्यांच्या मनाशी देणंघेणं नव्हतं, हातांशी होतं. बाण पुन्हा दिसायला चार महिने लागले, माझ्या पायाशी मोकळं व्हायला आणखी एक. मास्तर म्हणाले, "रिकामटेकडे उद्योग!" आणि कडी तरीही हलत नव्हती. पोर रोज अंगठ्याने दाबून बघायची, सुस्कारा टाकायची आणि थेंब सोडायची.

ज्या दिवशी ती परीक्षेला गेली होती, त्याच दिवशी पुढच्या जिन्यापाशी कुणीतरी तापलेली इस्त्री नायलॉनच्या ढिगावर पालथी ठेवली. अर्थात, एकच मिनिट!

काळा धूर जिन्यातून वर आला. बायका सवयीने पुढे धावल्या आणि खोकत मागे फिरल्या. मास्तर ओरडत होते, "घाबरू नका! घाबरू नका!" त्यांच्याइतकं कुणीच घाबरलेलं नव्हतं.

मावशी जागेवरून उठलीच नव्हती. तिला ठाऊक होतं, तो जिना बसत उतरायला किती वेळ लागतो. मग तिची नजर माझ्यावर आली. मशीनला धरून ती उठली, लंगडत आली, कडीवर हात ठेवला. तोंडाने म्हणाली, "नाही उघडणार मेली." आणि अंगठा लावला.

कडी सरकली.

थेंब थेंब तेल सहा महिने गंजाशी झुंजत आत शिरलं होतं, ते त्या क्षणी कामाला आलं. मी उघडलो. एकतीस बायका माझ्यातून बाहेर पडल्या. मावशीला दोघींनी खांद्यावर घेतलं. सगळ्यांत शेवटी मास्तर, नाकाला कापड लावून.

आणि खाली उतरल्यावर काय म्हणाले माहीत आहे? "नशीब बलवत्तर म्हणून वाचलो."

नशीब? सहा महिने कडीत तेल घालायला नशीब येत होतं का? गठ्ठे नशिबाने वाहिले? घामाला नशीब म्हटलं की उद्या कुणाला घाम गाळावा लागत नाही, म्हणून तुम्हाला हा शब्द इतका आवडतो!

आज शिवणखाना पुन्हा सुरू झालाय. भिंतींना नवा रंग आहे. माझ्या पत्र्यावर धुराचा डाग आहे, तो मी अभिमानाने मिरवतो. आणि आज दुपारी मास्तर आले, काखेत गठ्ठा. इकडेतिकडे पाहिलं. माझ्या पायाशी ठेवला.

"एक मिनिट हां."

माझा संताप झाला, पण दरवाजाला ओरडता येत नाही.

"मास्तर," मावशी मान वर न करता म्हणाली, "उचला."

"अहो, एक मिनिट फक्त..."

तिने मशीन थांबवलं. मग काजवालीने थांबवलं. मग एकेक करत सगळी मशीनं गप्प झाली. शेवटच्या रांगेत पोर होती. तिला बोलावंच लागलं नाही.

मास्तरांनी गठ्ठा उचलला.

तुमच्याही घरात, कचेरीत, शाळेत माझा एखादा भाऊ गठ्ठ्यांमागे गुदमरत असेल. त्याच्यासाठी भाषणं करू नका. आज एक गठ्ठा उचला. उद्या पुन्हा.

संध्याकाळ झाली. मावशीने आपलं मशीन पुसलं, तेलाची कुपी घेतली आणि गुडघा चोळत ती माझ्याकडे यायला निघाली आहे.