लाल खूण नसलेली वही

निबंधाची वही तपासून घरी आली होती म्हणे. पण उलटीपालटी करूनही आईला तीत लाल शाईचा एक ठिपका सापडेना. ही आई औषधांच्या कारखान्यात मालाची तपासनीस. खराब खोक्यावर लाल शिक्का मारायचा, हे तिचं रोजचं काम. शिक्क्याशिवाय तपासणी होते, हे ती स्वप्नातही मानत नसे. कारखान्यात तिला पाठीमागे ‘लालबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं.

“अगं, टीचर शेजारी बसवून तपासतात,” मुलगी म्हणाली.

“मग खुणा काय उंदरांनी खाल्ल्या? आणि वही दोन-दोन आठवडे अडकते, ती का?”

“एकदा त्यांना विचारून तरी बघ,” नवरा म्हणाला.

“विचारायचं काय त्यात? आधी चर्चमधलं गाणं सोडलं, आता वह्या सोडल्या. अंगात आळस भरला की असंच होतं!”

टीचर तिच्याच चर्चच्या. एके काळी रविवारी त्या गायला उभ्या राहिल्या की लहान मुलंसुद्धा चुळबुळ थांबवत. तीन वर्षं झाली, त्या मागच्या बाकावर गप्प बसत.

लालबाईने अर्ज लिहिला, ‘या टीचरना आमच्या मुलांच्या वर्गावरून काढावे.’ अठरा पालकांनी सह्याही दिल्या. सही करायला कागद वाचावा लागत नाही, हे तुम्हाआम्हाला ठाऊक आहेच!

मधल्या सुट्टीत ती शाळेत पोहोचली. मुख्याध्यापिकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “चला माझ्याबरोबर.”

वर्गाच्या दाराशी दोघी थांबल्या. आत टीचरच्या शेजारी तिचीच मुलगी बसून निबंध मोठ्याने वाचत होती. टेबलावर टीचरचा डबा न उघडलेला. मुलगी मध्येच अडखळली.

“टीचर, हे वाक्य लंगडतंय.”

“मग त्याला काठी दे की,” टीचर घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

मुलगी खुदकन हसली, वाक्य खोडलं आणि पेन्सिलीने नवं लिहिलं. घरी चूक दाखवली की हीच मुलगी वही मिटून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची.

“वर्गात चाळीस मुलं आहेत,” मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, “रोज सुट्टीत तीन-चार होतात. त्यामुळे वही उशिरा येते. मीही त्यांना सांगून पाहिलं, लाल पेन फिरवा आणि मोकळ्या व्हा. तर मलाच म्हणतात, प्रभूने शिष्यांचे पाय एकेकाचे धुतले. सगळ्यांवर मिळून बादली ओतली नाही!”

“आणि हा आवाज?”

“घसा गेलाय त्यांचा. डॉक्टरांनी तीन वर्षांपूर्वीच बजावलं होतं, वर्ग किंवा गाणं, एकच काय ते निवडा, दोन्ही झेपणार नाही. त्यांनी गाणं सोडलं. त्या दिवशी खूप रडल्या. मग घंटा झाली तशा तोंड धुऊन वर्गावर गेल्या.”

अरेरे! ज्या वर्गासाठी या बाईने आपला गळा दिला, तोच वर्ग काढून घ्यायला आपण अठरा सह्या गोळा केल्या! लालबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“माझा अर्ज परत द्या, मॅडम. फाडून टाकते.”

“कागद फाडणं सोपं आहे हो. अठरा घरांत जो शब्द टाकून आलात, तो कसा फाडणार?”

त्याच संध्याकाळी लालबाई त्या अठरा घरांकडे निघाली. प्रत्येक दारात उभी राहून सांगायची, “चूक माझी होती. टीचरची नव्हती.” एका गृहस्थांनी तर विचारलं, “पण मी सही नेमकी कशावर केली होती?” कुणी चहा दिला, कुणी तोंड वाकडं केलं. शेवटच्या घरातल्या आजीबाई मात्र कळवळून म्हणाल्या, “अगं, अठरा दारांत जाऊन आपलंच नाक कशाला कापून घेतेस?”

“आजी, टीचरनी गळा दिला,” लालबाई म्हणाली, “मी नाक तरी देऊ दे.”

वाचकहो, शिक्षक जे देतो ते वहीत शोधू नका. ते आपल्या मुलांत उमटलेलं असतं. तक्रारीचा कागद हातात घेण्याआधी एकदा त्याच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभे राहू या.