न पडलेला पाऊस

गहिनीनाथचा फेब्रुवारी महिन्यावर मनापासून राग होता. बाकीच्या अकरा महिन्यांशी त्याचं फार सख्य होतं असं नाही. रागवायला त्याला माणूस, जनावर, वीज मंडळ, काहीही चालायचं. पण फेब्रुवारीशी त्याचं खास वाकडं होतं, कारण त्याच्या दीड एकरातली वाइनची द्राक्षं फेब्रुवारीतच तयार व्हायची आणि यंदाचा फेब्रुवारी वैशाखासारखा तापला होता.

वाइनची द्राक्षं दिसायला दरिद्री असतात. मणी बारीक, साल जाड, आत दोन-तीन बिया. वाइनरीने नेली तर नेली, नाहीतर संगमनेरच्या बाजारात ती कोणी फुकटसुद्धा घेत नाही. त्यांचं सगळं गणित हवेवर. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो. दोन्ही जमलं तर वाइन चांगली होते. ऊन लवकर तापलं आणि रात्रीही गरम राहिल्या, की साखर धावत सुटते, आंबटपणा निघून जातो आणि उरतं ते गोड पाणी. त्यातून तोडणीआधी महिनाभर वेलीला पाणी द्यायचं नाही, असा वाइनरीचा दंडक. वेल तहानेली राहिली की रस घट्ट होतो, रंग चढतो. मणी थोडे सुकले, सालीला सुरकुत्या पडल्या तरी बघत बसायचं.

हे बघत बसणं गहिनीनाथच्या जिवावर यायचं. त्याचं अर्धं आयुष्य खायच्या द्राक्षात गेलेलं. मणी टपोरा हवा, तकतकीत हवा, देठ हिरवा हवा, हे त्याच्या रक्तात भिनलेलं. वाइनची बाग लावून नऊ वर्षं झाली तरी सुरकुतलेला घड दिसला की त्याला आपलंच काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं. त्यात रस्ता बागेला लागूनच. येणारा-जाणारा गाडी थांबवून विचारायचा, "काय नाना, मनुकं करायलाय का यंदा?" आणि हसत पुढे जायचा. गहिनीनाथच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

खरा चटका वेगळाच होता. बांधापलीकडे त्याच्या थोरल्या भावाची, रंगनाथची बाग. जात तीच, लागवड एकाच आठवड्यातली, पण रान मुरमाड आणि मालक थंड डोक्याचा. वाइनरीने सांगितलं की रंगनाथ तसंच करायचा, एक शब्द न बोलता. यंदा त्याचा माल वेगळ्या लाकडी पिंपात भरायचा, सगळ्यांच्या टाकीत मिसळायचा नाही, असं वाइनरीने ठरवलं होतं. अट एकच, आंबटपणा टिकला पाहिजे. हे गावात ज्याने त्याने गहिनीनाथला आवर्जून सांगितलं. दोघा भावांचं बोलणं अकरा वर्षांपासून बंद होतं. वाटणीच्या साली ऐन डाळिंबाच्या दिवसांत रंगनाथने विहिरीवरच्या मोटरीला कुलूप लावलं, असं गहिनीनाथ सांगायचा. रंगनाथ काहीच सांगायचा नाही, त्याचा गहिनीनाथला जास्त राग यायचा.

त्या मंगळवारी सकाळी कोणीतरी पुन्हा मनुक्यांवरून चिडवून गेलं आणि गहिनीनाथचं डोकं फिरलं. ठिबकच्या थेंबांनी त्याचं समाधान झालं नसतं. त्याने मोटर चालू केली आणि जुन्या सवयीने सऱ्यांतून पाटाचं पाणी सोडलं. तीन तास. काळी जमीन फसफसून पाणी प्याली.

"ह्ये काय करताय?" त्याची बायको छबूबाई बांधावरून ओरडली. "गेल्या साली पत्र आल्तं ना? फिरून पानी दिलं तर करार बंद म्हनून?"

"रान माजं, पानी माजं," गहिनीनाथ म्हणाला. "तू भाकरी बघ जा."

संध्याकाळी अकोल्याच्या बाजूला आभाळ भरून आलं. गडगडलं, विजा चमकल्या, वारा सुटला. गहिनीनाथ अंगणात उभा राहून वर बघत होता. एक थेंब पडला नाही. रात्री आभाळ निवळलं आणि सकाळी परत तेच ऊन.

शुक्रवारी जयमाला आली. वाइनरीची क्षेत्र अधिकारी, बेलापूरची, शेतकी पदवीधर, संगमनेरात खोली घेऊन राहणारी. गहिनीनाथच्या बागेत ती तीन वर्षं येत होती आणि तीन वर्षांत त्याने तिला कधी बस म्हटलं नव्हतं. आपल्या पोरीच्या वयाची बाई आपल्याला द्राक्ष शिकवते, हे त्याला पटायचं नाही. तिने ओळीओळीतून मणी तोडले, चघळले, बिया दाताखाली फोडून बघितल्या. मग मण्यांचा रस साखर मोजायच्या नळीच्या काचेवर पिळला आणि नळी डोळ्याला लावली. परत पिळला, परत बघितलं.

"मागच्या शुक्रवारी बावीस होती, नाना. आज एकोणीस. साखर वाढायच्या दिवसांत उतरली कशी?" तिने खाली बसून माती मुठीत दाबली. मातीचा गोळा झाला. "पाणी दिलंत?"

गहिनीनाथच्या तोंडचं पाणी पळालं. करार गेला म्हणजे बाग गेली. दुसरं कोणी हा माल घेणारं नाही. नऊ वर्षांच्या वेली मुळासकट उपटून काढायच्या आणि ते सगळं बांधापलीकडून रंगनाथने बघायचं. त्याच्या तोंडून शब्द आपोआप निघाला.

"पानी? म्या न्हाई दिलं. पाऊस झाला मंगळवारी. येवढं आभाळ गरजलं, तुमाला ऐकू न्हाई आलं व्हय?"

"संगमनेरात नाही पडला."

"अवकाळी हाय ती. हिकडं पडती, तिकडं न्हाई. बगा की, सगळी सरी भिजलीया. नुसतं खोडापाशी ओलं असतं तर ठिबकचं पानी म्हनला असता."

जयमालाने हातातला मातीचा गोळा फोडला. ती फसली नव्हती. पण भिजलेली सरी खरी होती आणि मंगळवारचं आभाळही खरं होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पाऊस पडलेल्या शिवारातला माल पाहणीपासून आठ दिवस घ्यायचा नाही, हा आपला नियम. घडाच्या आत कुज धरते, वरून दिसत नाही, आणि एक सडका क्रेट अख्खी टाकी नासवतो. नियम शिवाराला आहे, एका बागेला नाही. या शिवारात आपल्या दोनच बागा. म्हणजे पाऊस झाला असेल तर रंगनाथ दादांची उद्याची तोडणीही रद्द. त्यांना विचारते पाऊस झाला का. ते हो म्हणाले तर तसं लिहिते. नाही म्हणाले, तर मग तुमचं काय ते बघू."

हा नियम गहिनीनाथला माहीत होता. खोटं बोलताना आठवला नव्हता इतकंच. तो तिच्या मागोमाग बांध ओलांडून गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रानात त्याचा पाय पडत होता.

रंगनाथच्या बागेत धुतलेले क्रेट ओळीने रचून ठेवले होते. तोडणीच्या बायकांना पहाटे पाचला यायचं सांगून झालेलं. जयमालाने तिथेही रस काढला आणि तिचा चेहरा उजळला. साडेतेवीस, आंबटपणा जागच्या जागी. बी तपकिरी, दाताखाली कुडकुडणारी. मग तिने विचारलं, "दादा, मंगळवारी इथे पाऊस झाला का?"

रंगनाथने गहिनीनाथकडे बघितलं. लग्नाकार्यात नजर चुकवून बसणारा हा माणूस आता सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता. मोटरीचा आवाज मंगळवारी तीन तास त्याच्या कानांवर पडला असणार. आता हा एका शब्दात आपली बाग उपटणार, हे गहिनीनाथला दिसत होतं. त्याच्या जागी आपण असतो तर काय बोललो असतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"व्हय," रंगनाथ म्हणाला. "झाला."

"किती?"

"भुई भिजंल इतका. माजं मुरमाड हाय, दुपारपातुर वाळतं."

"दादा, तुमची तोडणी उद्याची आहे. उद्यापासूनच पारा छत्तीस-सदतीसवर जाणार असं सांगितलंय. आठ दिवसांनी हा माल असाच राहणार नाही, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं, कागदावर लिहिलं, सही घेतली आणि गाडीला किक मारून निघून गेली. गहिनीनाथ तिथेच उभा होता.

"का म्हनला व्हय?" त्याने विचारलं. अकरा वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य.

"मंग काय म्हनू? न्हाई म्हनलो असतो तर तुजी बाग गेली असती. आन तू मरस्तवर गावभर सांगत फिरला असता, थोरल्यानं माजी बाग उपटवली म्हनून. अकरा वर्सं कुलूप सांगतोयस, त्यात आनखी ह्ये. न्हाई द्यायचं तुला त्ये."

"म्या काय तुज्याकडं भीक मागाया आल्तो का?"

"न्हाई ना? मंग खोटं तुजं हाय, तूच फोड. फोन हाय तुज्याकडं. माजी तोड उद्याची हुती, येवढं ध्यानात ठेव."

रंगनाथने पाठ फिरवली आणि रचलेले क्रेट एक एक करून शेडमध्ये न्यायला लागला.

शनिवारी पहाटे निरोप न मिळालेल्या तोडणीच्या बायका आल्या आणि बडबडत परत गेल्या. पारा छत्तीसवर गेला. एक गोष्ट कबूल केली पाहिजे, शनिवारी गहिनीनाथला बरं वाटलं. बाग वाचली आणि थोरल्याचं पिंपही गेलं. मी कुठं त्याला खोटं बोल म्हणालो होतो, असं त्याने स्वतःला दिवसभरात दहा वेळा सांगितलं. इतक्या वेळा सांगावं लागलं, तिथेच खरं तर काय ते समजायला हवं होतं.

रविवारी सदतीस. रात्रीसुद्धा वाऱ्यात गारवा नाही, घरात पंखा नुसती गरम हवा ढकलत होता. गहिनीनाथ बागेत गेला की बांधापलीकडे रंगनाथ दिसायचा. नुसता ओळीतून फिरायचा, घड उचलून बघायचा, सुकलेला मणी खुडून खिशात टाकायचा आणि मध्येच थांबून गहिनीनाथकडे बघायचा. गहिनीनाथने रविवारी दुपारनंतर बागेत जायचंच सोडलं.

"तोंड लपवताय?" छबूबाईने विचारलं.

"कुनापासनं लपवायचं? त्योच खोटं बोलला."

"तुमी बोलला म्हनून बोलला. तुमाला लाज कशाची वाटती, खोटं बोलल्याची का थोरल्यानी झाकल्याची?"

"गप बस."

"मी गप बसते. उनाला सांगा गप बसाया."

सोमवारी पारा अडतीसवर गेला. वीस फेब्रुवारीच्या आत असलं ऊन त्याने जन्मात बघितलं नव्हतं. फोन त्याने तीनदा हातात घेतला. तिन्ही वेळा त्याला उपटलेली बाग दिसली आणि तिन्ही वेळा त्याने फोन खिशात घातला. ही भीती होती. त्याला ती राग वाटत होती, कारण राग त्याच्या सवयीचा होता.

मंगळवारी सकाळी रंगनाथ डेअरीला दूध घालायला गेला तेव्हा गहिनीनाथ बांध ओलांडून त्याच्या बागेत शिरला. पहिल्याच वेलीचा घड त्याने हातात घेतला. मणी मऊ पडले होते, साल सैल झाली होती. त्याने एक मणी तोंडात टाकला. नुसती साखर. शुक्रवारी जयमालाचा चेहरा ज्याने उजळला होता तो जिभेच्या कडेला चावणारा आंबटपणा शोधायला त्याने दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला, दुसऱ्या ओळीतला खाल्ला. इतका चांगला माल आपल्या बागेत नऊ वर्षांत एकदाही आला नव्हता, आणि तो आपण बसल्या जागी मारला, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं. त्याने तिथूनच फोन लावला.

"मॅडम, गेल्या मंगळवारी पाऊस न्हवता. म्या पानी सोडलं हुतं. थोरल्याची तोड करून घ्या. आत्ताच्या आत्ता या."

"आज मंगळवार आहे, नाना," जयमाला म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

ती तासाभरात आली. रंगनाथही परत आला होता. तिने गाडीवरून उतरून दहा ओळींतून मणी घेतले, रस काढला, साखर बघितली, आंबटपणा मोजायचं यंत्र रसात बुडवलं. मग ते पुसून डबीत ठेवलं.

"सव्वीस साखर. आंबटपणा गेला," ती म्हणाली. "पिंपात नाही घेता येणार, दादा. उद्या पहाटे तोडा, सगळ्यांच्या टाकीत घालू. तीन वर्षं मी या मालासाठी वाइनरीत भांडत होते." तिचा आवाज चढला. "तुम्ही तर खरं बोलायचं होतंत! तुम्हाला कोणी धरलं होतं?"

ती गहिनीनाथकडे वळली. "तुमचा करार संपला, नाना. पत्र येईल."

गहिनीनाथने मान हलवली. त्याची तयारी होती, किंवा आहे असं त्याला वाटत होतं. जयमालाची गाडी रस्त्याला लागली. रंगनाथ शेडमधून क्रेट परत बाहेर काढायला लागला. गहिनीनाथ तिथेच घुटमळला. आपली बाग आपण आपल्या हातांनी घालवली, त्याबद्दल थोरला निदान एक शब्द बोलेल, अशी आशा त्याला सुटत नव्हती.

"सांगितलं ना म्या," शेवटी तोच म्हणाला. "माज्या तोंडानं सांगितलं."

रंगनाथ थांबला. हातातला क्रेट त्याने खाली ठेवला.

"सांगितलंस," तो म्हणाला. "शनवारी सांगितलं असतंस तर एकच बाग गेली असती, गहिन्या. माजा माल राह्यला असता. तुला चार दिस लागलं."

मग त्याने क्रेट उचलला आणि तोडणीच्या बायकांना फोन लावत आत निघून गेला.