लवूच्या तीन कॅसेटी

एसटी स्टँडसमोर माझं कॅसेट भरून देण्याचं दुकान होतं. गिऱ्हाईक यायचं ते भजनांसाठी, नाहीतर सिनेमाच्या गाण्यांसाठी. सत्याऐंशी साली परदेशी मालवाहू बोटीवर नोकरीला असलेला माझा मित्र लवू सुट्टीला आला, तेव्हा त्याने ‘कोल्ड मेरिडियन’ नावाच्या बँडच्या तीन कॅसेटी आणल्या. गिटारी गरजायच्या, ताल मधेच मोडून भलतीकडे वळायचा, एकेक गाणं पंधरा मिनिटं चालायचं. परदेशातसुद्धा त्यांना कुणी विचारत नाही, असं लवू सांगायचा. सुट्टीभर दुकानात येईल त्याला तो त्या ऐकायला लावायचा. लोक हसून निघून जायचे. त्याचे वडील शिवाकाका, मिरकरवाड्यातले मासेमार, ते तर दुकानाची पायरीही चढले नाहीत.

पुढच्या वर्षी बोटीवर माल चढवताना दोर तुटला आणि लवू गेला. घरी नुसती ट्रंक आली.

काही दिवसांनी शिवाकाका दुकानात आले. पिशवीतून तिन्ही कॅसेटी काढून त्यांनी काउंटरवर ठेवल्या.

“रघू, यातली पयली कुठली ऐकायची?”

“दुसरी आधी ऐका,” मी म्हटलं. “तीत गाणारा जरा शांत आहे.”

लवू सगळ्यांना हेच सांगायचा, हे बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

काकांनी अख्खी बाजू मान खाली घालून ऐकली. मग म्हणाले, “मला नाय आवडलं रे.” मी मशीन बंद करायला गेलो तर त्यांनी माझा हात धरला. “त्याला ह्यात काय आवडायचं, तेवढं सांग.”

ड्रमवाला कुठे मुद्दाम चुकल्यासारखं करतो, गिटार एकटी उरते तिथे लवू डोळे कसे मिटायचा, सगळं सांगितलं. मग मासळीचा लिलाव आटोपला की काका येऊ लागले. मी लवूसारखा हातवारे करून बोलायला लागलो की त्यांची नजर माझ्यावरून हलत नसे.

पावसाळ्यात मासेमारी थांबून होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर ते लवूच्या आईला, धोंडूकाकींना घेऊन आले. माझ्या तोंडून लवूचं बोलणं काकींनाही ऐकायचं होतं. मी कॅसेट लावली, दोन वाक्यं बोललो आणि काकींचा चेहरा बघून थांबलो. काकाच हळू म्हणाले, “आता गिटार येईल. एकटीच.”

ती आली. काकींनी पदर तोंडाशी धरला. बाजू संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

जाताना काकी म्हणाल्या, “ह्या कॅसेटी तुझ्याकडंच ठेव. घरात नको.”

त्यानंतर शिवाकाका दुकानात आले नाहीत. बंदरावर भेटले की हातात चार बांगडे ठेवायचे, तब्येत विचारायचे. लवूचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. त्या बँडबद्दल मग मी कुणालाच सांगितलं नाही.